जीआरएक्स २×११ वरून इलेक्ट्रॉनिक गिअर: काय ठेवायचं, काय बदलायचं?

चोपडा_उनपदेव

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण सायकलवर नेमकं काय आहे हे सांगितल्याशिवाय कोणी उत्तर देणार कसं, म्हणून सगळंच लिहिते.

माझी ॲल्युमिनियम फ्रेमची ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याची) सायकल आहे, गिअर शिमानो कंपनीचे जीआरएक्स, मेकॅनिकल म्हणजे केबलनं चालणारे, पुढे दोन मागे अकरा. हँडलवरचे गिअर-ब्रेकचे लिव्हर एसटी-आरएक्स६००, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आरडी-आरएक्स८१०, पुढचा एफडी-आरएक्स८१०, क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या रिंग) एफसी-आरएक्स६०० (४६-३० दात), कॅसेट (मागच्या दातेरी चकत्या) एचजी७०० (११-३४ दात), ब्रेक कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) आरएक्स४००. बीबी, म्हणजे क्रँकच्या ॲक्सलचं बेअरिंग, थ्रेडची, बीएसए प्रकारची. टायर ७००×४० ट्यूबलेस. चेन आणि ब्रेकपॅड सोडले तर काहीच बदललेलं नाही.

फिरणं चोपडा, अडावद, उनपदेव, कधी मनुदेवी. डांबरी रस्ता थोडा, बाकी शेतरस्ते: केळीच्या बागांमधून, कपाशीच्या बांधाबांधानं. पाऊस पडून गेला की काळी माती चाकाला कशी धरते ते इथं कोणाला सांगायला नको.

आता कारण. डाव्या मनगटाचं कार्पल टनेलचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली आहे, ब्रेक दाबायलाही त्रास होत नाही. पण पुढची चेन ३० वरून ४६ वर चढवायची तर डावा लिव्हर आत लांबवर ढकलावा लागतो, आणि नेमकं तिथंच दुखतं. म्हणून मी बहुतेक वेळ छोट्या रिंगवरच असते, सपाटीवर पाय नुसते गरगरत राहतात. थंडीत शहादा ते तोरणमाळ करायचं पक्कं आहे. त्या घाटाच्या पायथ्यापर्यंतची सपाटी छोट्या रिंगवर काढायची माझी इच्छा नाही.

इलेक्ट्रॉनिक गिअरसाठी दोन दुकानांत विचारलं. एक म्हणाले, लिव्हर आणि दोन डिरेलर बदला, बाकी सगळं चालतं. दुसरे म्हणाले, क्रँकपासून चाकापर्यंत सगळं लागेल, त्यापेक्षा नवी सायकल घ्या. कॅसेट, चेन, क्रँक, ब्रेक यातलं खरंच काय राहतं? शिवाय ओळखीतले एकजण त्यांचा १०५ डीआय२ (शिमानोचे रोड सायकलचे इलेक्ट्रॉनिक गिअर) बारा स्पीडचा वापरलेला संच विकताहेत: लिव्हर, दोन्ही डिरेलर, बॅटरी. किंमत बरी आहे. घेऊ का?

गिरणाकाठ

ताई, एवढ्या खर्चात पडण्याआधी केबल आणि आउटर (केबलवरची नळी) नवे टाकून बघितले का? आपल्याकडची बारीक धूळ आउटरमध्ये शिरली की लिव्हर जड होतोच. पाचोऱ्याकडं आम्ही पावसाळा संपला की केबल बदलून टाकतो. मेकॅनिकल गिअर कुठल्याही गावात दुरुस्त होतो, पाना-पक्कड असली की झालं. इलेक्ट्रॉनिकची मोटर बंद पडली तर शहाद्याच्या पुढं कोण उघडून देणार?

चोपडा_उनपदेव

दादा, केबल नव्याच आहेत, आउटरही. लिव्हर आता हलका आहे. पण त्रास जोर लावण्याचा कमी आणि मनगट वळवून लांब ढकलण्याचा जास्त आहे. ते अंतर केबल बदलून कमी होत नाही.

धुळे_लळिंग

मग पुढचा डिरेलर काढूनच टाका. माझ्याकडे स्रॅम कंपनीचं एएक्सएस (बिनतारी इलेक्ट्रॉनिक गिअर) आहे, बारा स्पीडचं एक्सपीएलआर, म्हणजे ग्रॅव्हलसाठीचं. पुढे ४० ची एकच रिंग, मागे १०-४४. फ्रेममध्ये एकही वायर नाही. डिरेलरवरच बॅटरी, ती काढून घरात चार्ज करायची. कंपनी एका चार्जला ६० तासांच्या आसपास सांगते आणि माझा अनुभव त्याला धरूनच आहे. बसवायला एक दुपार पुरते. लळिंगचा चढ, पुढं शेतातले चढ, सगळं त्यावर निघतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. १०-४४ कॅसेटला एक्सडीआर प्रकारची फ्रीहब बॉडी (मागच्या चाकाचा, कॅसेट बसते तो भाग) लागते, तुमच्या हबला ती मिळते का ते आधी बघा. मिळत नसेल तर एपेक्सची ११-४४ कॅसेट, पीजी-१२३१, नेहमीच्या एचजी बॉडीवर बसते. आणि तेरा स्पीडच्या नव्या एक्सपीएलआरच्या नादी लागू नका. त्याचा डिरेलर हँगरवर (डिरेलर टांगायचा फ्रेमचा छोटा सुटा भाग) बसतच नाही, थेट यूडीएचच्या, म्हणजे ठरावीक मापाच्या हँगरची जागा असलेल्या फ्रेमवर बसतो. तुमची फ्रेम यूडीएच नसेल तर तो विषय संपला.

शेडवाला_भुसावळ

ताई, मी भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होतो. आता घरच्या ओसरीत सायकली बघतो, डीआय२ आणि एएक्सएस दोन्ही बसवलेत. तुमच्या दोन्ही दुकानदारांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. सविस्तर लिहितो, कारण यात चुकीचा पार्ट आला तर तो परत करता करता महिना जातो.

पार्टांची यादी बाजूला ठेवा, आधी जोड बघा. ब्रेकचं तेल, चाकाची फ्रीहब बॉडी, बीबीतला ॲक्सल, पुढच्या डिरेलरची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेन किती बाहेर चालते ते), आणि फ्रेममधून वायर जायची वाट. हे जोड आहेत तसे ठेवून जो संच बसेल तो तुमचा.

ब्रेकपासून सुरू करू. तुमच्यासारख्या तेलाच्या डिस्क ब्रेकच्या सायकलला गिअरचा लिव्हर आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर (तेल ढकलणारा भाग) एकाच डब्यात असतो. म्हणजे गिअर इलेक्ट्रॉनिक करायचा तर ब्रेक लिव्हरही बदलतोच, दुसरा मार्ग नाही. तुमच्या कॅलिपरमध्ये मिनरल ऑइल आहे. स्रॅमच्या या लिव्हरमध्ये डॉट ५.१ हे वेगळं तेल. दोन्हींची सील वेगळ्या रबराची असतात, एकाचं तेल दुसऱ्यात गेलं की सील फुगतात आणि ब्रेक जातो. तोरणमाळचा घाट उतरताना तो प्रयोग नको. म्हणून धुळेकर भाऊंनी सांगितलेल्या यादीत दोन नवे कॅलिपर आणि दोन्ही होज (ब्रेकच्या तेलाच्या नळ्या) धरा. शिमानोच्याच डीआय२ वर गेलात तर कॅलिपर तेच, होज तीच, फक्त लिव्हरकडचं टोक कापून नवी ऑलिव्ह आणि इन्सर्ट (होजचं टोक पक्कं धरणारे छोटे भाग) घालायची आणि ब्रेक ब्लीड करायचे, म्हणजे तेलातली हवा काढायची.

दुसरा जोड चाक. तुमचं चाक एचजी अकरा स्पीडचं असणार. शिमानोच्या बारा स्पीडच्या रोड कॅसेट, म्हणजे १०५ ची आर७१०० किंवा अल्टेग्राची आर८१००, ११-३४, या अकरा स्पीडच्या एचजी बॉडीवर सरळ बसतात. चाक बदलायची गरज नाही. एक बारीक गोष्ट: तुमची सध्याची एचजी७०० कॅसेट दहा स्पीडच्या रुंदीची असते, त्यामुळे तिच्यामागे १.८५ मिलिमीटरची एक स्पेसर रिंग (जागा भरणारी पातळ कडी) घातलेली असेल. ११-३४ बारा स्पीडची बसवताना ती रिंग काढायची. विसरलात तर लॉकरिंग पूर्ण धरत नाही आणि कॅसेट हलते. ११-३६ हवी असेल तर एचजी७१० मिळते, तीही एचजीच आहे. तिच्या बॉक्समधल्या कागदावर रिंगचं चित्र असतं ते बघून बसवा.

आता हाताचा मुद्दा. माझ्या मते तुमचा निर्णय इथंच होतो.

एएक्सएसमध्ये डावं बटण गिअर हलका करतं, उजवं जड करतं. दाब किरकोळ आहे हे खरं, पण चढावर, खड्ड्यात, वळणावर डावा हात सतत कामात. डीआय२ मध्ये मागचे गिअर वर आणि खाली दोन्ही उजव्याच लिव्हरवर. आणि शिमानोच्या ई-ट्यूब ॲपमध्ये सिंक्रो शिफ्ट चालू केलं की पुढचा डिरेलर आपोआप बदलतो: तुम्ही उजव्या हातानं गिअर जड करत गेलात की ठरलेल्या जागी चेन ३० वरून ४६ वर जाते आणि मागचा गिअर त्याच वेळी सावरून घेतला जातो, म्हणजे पायाला झटका बसत नाही. डाव्या हाताला ब्रेकशिवाय काम उरत नाही. कोणत्या गिअरवर ही अदलाबदल व्हावी ते ॲपमध्ये ठरवता येतं. तुमच्या मनगटासाठी मला यापेक्षा चांगली सोय माहीत नाही.

आणि पुढच्या दोन रिंग ठेवल्यानं घाटात फायदाच आहे. ३० भागिले ३४ म्हणजे ०.८८. धुळेकरांचं ४० भागिले ४४ म्हणजे ०.९१. फरक थोडा, पण तुमचा गिअर हलका. मागे ११-३६ घेतली तर ०.८३. मिनिटाला पेडलच्या साठ फेऱ्या धरल्या तर ४० मिलिमीटर टायरवर ०.८८ ला ताशी सात किलोमीटरच्या आसपास वेग पडतो, ०.८३ ला साडेसहा. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे आणि शहाद्याची बाजू तापीच्या खोऱ्यातली. सातपायरीच्या वळणांवर हा अर्धा किलोमीटर गुडघ्याला कळतो. सपाटीला ४६-११ तर आहेच. एकूण आवाका ४६-३० आणि ११-३४ मध्ये ४७४ टक्के, १०-४४ मध्ये ४४० टक्के.

तर माझा सल्ला जीआरएक्स आरएक्स८२५, २०२४ साली आलेला बारा स्पीडचा डीआय२. लिव्हर बिनतारी आहेत, त्यात सीआर१६३२ बटण-सेल असतो. हँडलपासून फ्रेममध्ये वायर नाही. मागचा आणि पुढचा डिरेलर मात्र वायरनं सीटपोस्टमधल्या बॅटरीला जोडलेले. चार्जिंगचं तोंड मागच्या डिरेलरवरच.

याआधीचा अकरा स्पीडचा आरएक्स८१५ घेतला तर तुमची कॅसेट, चेन, क्रँक सगळं आहे तसं राहतं. आरडी-आरएक्स८१५ ला ३४ दात आणि ४० ची कपॅसिटी (पुढच्या आणि मागच्या दातांतल्या फरकांची बेरीज) चालते, तुमची गरज १६ अधिक २३ म्हणजे ३९. हिशोब बसतो, सिंक्रोही आहे. चांगल्या हातातून वापरलेला पूर्ण संच मिळाला तर वाईट नाही. पण त्यात लिव्हरपासूनच वायर, जंक्शन (वायर जोडायचा डबा), हेडट्यूबमधून खाली वाट. तुमची फ्रेम केबलसाठी भोकं पाडलेली. ते काम होतं, पण जवळचं जाणतं दुकान नाशिकला असताना मी तुम्हाला जास्त वायरीचा संच सुचवणार नाही. आणि अकरा स्पीडचे डीआय२ पार्ट बारा स्पीडच्या संचात मिसळत नाहीत. वायरसुद्धा वेगळी: जुन्याची एसडी५०, नव्याची एसडी३००.

१०५ चा संच जसाच्या तसा घेऊ नका. त्यातल्या पुढच्या डिरेलरची अडचण आहे. जीआरएक्सच्या क्रँकची चेनलाइन रोडच्या क्रँकपेक्षा २.५ मिलिमीटर बाहेर असते, रुंद टायरला जागा मिळावी म्हणून. म्हणून जीआरएक्स क्रँकला जीआरएक्सचाच एफडी, म्हणजे पुढचा डिरेलर, लागतो. मागच्या १०५ डिरेलरला क्लच (चेन ताणून धरणारी सोय) नाही, बांधावरून जाताना चेन आपटत राहील. पण लिव्हर आणि बॅटरी त्याच पिढीचे आहेत. विकणारे सुटं द्यायला तयार असतील तर आर७१७० लिव्हर आणि डीएन३०० बॅटरी घ्या आणि दोन्ही डिरेलर आरएक्स८२५ चे नवे घ्या. हे एकमेकांशी नीट बोलतात. फक्त जीआरएक्सच्या लिव्हरची पकड खडबडीत रस्त्यासाठी जास्त चांगली, ते एकदा हातात धरून बघा. तुमच्या मनगटाला काय बरं वाटतं ते तुम्हालाच कळेल.

धुळे_लळिंग

भाऊ, डॉट आणि मिनरलचं मी लिहायला हवं होतं. माझी सायकल पहिल्यापासून स्रॅमची, म्हणून कॅलिपरचा प्रश्न आला नाही. पण वायर ओवण्याचं काम तुम्ही फार सोपं सांगताय. ताईंची फ्रेम डीआय२ साठी केलेली आहे का हेच अजून माहीत नाही.

शेडवाला_भुसावळ

बरोबर भो, तिकडंच येत होतो.

ताई, सीटपोस्ट काढा आणि मोबाईलचा टॉर्च सीट ट्यूबमध्ये मारा. खाली बीबीपर्यंत उजेड सरळ जातो का बघा. काही फ्रेममध्ये मध्येच आडवं काही असतं, तसं असेल तर बॅटरीची वायर खाली उतरत नाही. मग चेनस्टेच्या (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) मागच्या टोकाला केबल जिथून बाहेर येते त्या भोकातलं रबर बघा. फ्रेमवाल्यांकडे वायरसाठीचं वेगळं रबर मिळतं, मागवून घ्या. पुढच्या डिरेलरची केबल सीट ट्यूबच्या मागं खालून बाहेर येते की बीबीखालून, हेही सांगा.

सध्याची गिअर केबल ओढून काढण्याआधी थांबा. मागच्या केबलचं टोक चेनस्टेमध्येच ठेवायचं आणि बीबी काढून ठेवायची. बॅटरीकडून आलेली वायर बीबीच्या पोकळीत उतरली की ती जुन्या केबलच्या टोकाला टेपनं बांधून मागं ओढायची. लोक आधी केबल ओढून मोकळे होतात आणि मग चुंबक घेऊन तास तास बसतात. हेडट्यूबकडची भोकं नंतर रबरी बुचानं बंद करा, नाहीतर पावसाचं पाणी आत.

मागच्या डिरेलरचा हँगर सरळ आहे का ते गेजनं तपासल्याशिवाय काहीही बसवू नका. इलेक्ट्रॉनिक डिरेलर ठरलेलं अंतर अचूक सरकतो. हँगर वाकडा असेल तर तो तेवढ्याच अचूकपणे चुकीच्या जागी जातो. आपल्या शेतरस्त्यांवर पऱ्हाटीची (कपाशीची) काडी चेनमध्ये ओढली गेली की पहिला वाकतो तो हँगर. तुमच्या फ्रेमचा एक जादा हँगर सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या. मेकॅनिकल असो की इलेक्ट्रॉनिक, याला सुट्टी नाही.

एफडीबद्दल अजून एक. नवा एफडीही तुमच्या आरएक्स८१० सारखा ब्रेझ-ऑनच (फ्रेमवरच्या ठरलेल्या जागी बोल्टनं बसणारा) आहे, तीच जागा वापरायची. पण त्याला मोटरचा जोर असतो, म्हणून एक सपोर्ट बोल्ट सीट ट्यूबला टेकवायचा असतो. बोल्ट टेकतो तिथं फ्रेमवर लावायची छोटी पट्टी बॉक्समध्ये येते. ती लावलीच पाहिजे. नाही लावली तर बोल्टचा दाब थेट फ्रेमवर.

रावेर_पाल

क्रँकचं कोणी बोललं नाही. माझ्याकडे अकरा स्पीडचाच आरएक्स६०० क्रँक आहे आणि त्यावर बारा स्पीडची चेन चालवतो. रावेरहून पालला जातो, घाटातही पुढचा गिअर बदलतो. आजवर चेन अडकली नाही. ताई, तो खर्च वाचवा.

शेडवाला_भुसावळ

रावेरकर, तुमचा चालतो यात शंका नाही, बरेच जण चालवतात. कंपनीच्या तक्त्यात मात्र बारा स्पीडला अकराचा क्रँक धरलेला नाही. बाराची चेन अरुंद असते आणि रिंगमधलं अंतर, चढवायच्या खुंट्या त्या हिशोबानं केलेल्या असतात. तुम्ही स्वतः कधी बदलायचं ते ठरवता, पायाचा जोर कमी करून बदलता. ताईंकडे बदल मोटर ठरवणार आहे, सिंक्रोमध्ये, कदाचित चढावर जोर चालू असताना. तिथं मला तक्त्याबाहेर जायचं नाही.

ताई, एफसी-आरएक्स६१०, ४६-३०, हाच क्रँक घ्या. तोही २४ मिलिमीटर ॲक्सलचाच, म्हणजे तुमची बीएसए बीबी तशीच राहते. नीट फिरत असेल तर हात लावू नका. स्रॅमचा डब क्रँक घेतला असता तर २८.९९ चा ॲक्सल, बीबी बदलावी लागली असती. पैसे आत्ता कमी पडत असतील तर आधी जुन्या क्रँकवर सुरू करा, पण सिंक्रो बंद ठेवा आणि पुढचं बटण पाय हलका करून दाबा. बटणालाही हाताला जोर लागत नाही, त्यामुळे मनगटाचं काम झालेलंच असेल.

चेन शिमानोची बारा स्पीडची कुठलीही, एमटीबीची (माउंटन बाइकची) एम७१०० सुद्धा, रोड आणि एमटीबीला तीच चालते. लांबी जुन्या चेनवरून मोजू नका, मोठ्या-मोठ्यावरून (पुढची मोठी रिंग, मागची मोठी चकती) मोजा, खासकरून ११-३६ घेतलीत तर.

चोपडा_उनपदेव

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्च मारून बघितलं: उजेड थेट बीबीपर्यंत जातो. एफडीची केबल सीट ट्यूबच्या मागून, बीबीच्या वर चार बोटांवर बाहेर येते. कॅसेट उघडून घेतली, मागे रिंग आहेच. १०५ चे मालक सुटं द्यायला तयार नाहीत, त्यामुळे तो विषय संपला. आरएक्स८२५ नवाच घेते.

वायरची मापं घेतली. बॅटरी सीटपोस्टच्या खालच्या टोकाला असेल असं धरून मागच्या डिरेलरला ७५० आणि पुढच्याला ३०० मिलिमीटर पुरेल असं दिसतं. आणि एक विचारायचं होतं: आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला जातो. सीटपोस्टमधल्या बॅटरीचं काय?

शेडवाला_भुसावळ

थांबा, ती मापं कमी आहेत. तुम्ही सीटपोस्ट आत असताना मोजलंत. बॅटरीला वायर खोचायची ती सीटपोस्ट बाहेर असताना, सीट ट्यूबच्या वरच्या तोंडाशी. म्हणून माप वरच्या तोंडापासून घ्या: सीट ट्यूबची पूर्ण लांबी, बीबीतलं वळण, चेनस्टे, आणि डिरेलरपाशी बाहेरचा छोटा वळसा. तुमच्या मापाच्या फ्रेमला मागची १०५० च्या खाली जाणार नाही. पुढची ६०० किंवा ६५०. एसडी३०० ठरावीक मापांत मिळते, शंका असेल तर मोठी घ्या. जास्तीची वायर सीट ट्यूबमध्ये सैल राहते, तिला फोमची नळी घाला म्हणजे खडखड होणार नाही. सीटपोस्ट आत बसवताना वायर चिमटत नाही ना ते बघा. आणि टीएल-ईडब्ल्यू३०० हे छोटं प्लास्टिकचं हत्यार मागवायला विसरू नका. वायर खोचल्याचा खटका त्यानंच येतो, पक्कडीनं दाबू नका.

उन्हाचं. सावलीतून-उन्हातून चालवण्यानं बॅटरीला काही होत नाही, हवा लागत असते. उभ्या बंद गाडीत, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारभर सायकल ठेवू नका. चार्जिंग रात्री, घरात. कंपनी एका चार्जला हजार किलोमीटरच्या आसपास सांगते. पुढचा डिरेलर जास्त वापरला की कमी पडतं, सिंक्रोत तो वापरला जाणारच. बॅटरी उतरत आली की आधी पुढचा डिरेलर थांबतो, मागचा आणखी काही वेळ चालतो. तेव्हा चेन कोणत्या रिंगवर आहे ते महत्त्वाचं. तोरणमाळला निघण्याच्या आदल्या रात्री पूर्ण चार्ज, आणि पिशवीत चार्जिंगची वायर आणि छोटी पॉवर बँक.

सीआर१६३२ सेल आत्ताच चार घेऊन ठेवा. आपल्याकडच्या घड्याळाच्या दुकानात सीआर२०३२ लगेच मिळतो, १६३२ चा पत्ता नसतो.

धुताना प्रेशर वॉशर डिरेलरवर मारू नका. काळी माती वाळू द्या, ब्रशनं पाडा, मग ओल्या कापडानं. मोटरला पाण्यापासून संरक्षण आहे, पण चिखल सांध्यात घट्ट बसला तर मोटर अडते. मग गिअर येईनासे होतात आणि माणसाला वाटतं बिघडलं. तसं झालं तर आधी सांधे साफ करा.

गिरणाकाठ

ताई, मी केबलवाला आहे आणि राहीन, पण हे वाचून पटलं की तुमच्यासाठी हेच बरोबर. बठ्ठं ध्यान मा उनं (सगळं लक्षात आलं). शेडवाले भाऊ, मोटर अडली तर सांधे साफ करायचे हे मला माहीत नव्हतं, लिहून ठेवलं.

चोपडा_उनपदेव

यादी पक्की केली: आरएक्स८२५ चे लिव्हर आणि दोन्ही डिरेलर, डीएन३०० बॅटरी आणि सीटपोस्टमधला होल्डर, एसडी३०० वायर १०५० आणि ६५०, चार्जिंगची वायर, टीएल-ईडब्ल्यू३००, क्रँक आरएक्स६१० ४६-३०, कॅसेट ११-३६, बारा स्पीडची चेन, ऑलिव्ह-इन्सर्टचे दोन संच, मिनरल ऑइल, एक जादा हँगर, १६३२ चे चार सेल. चाकं, बीबी, कॅलिपर, होज राहिले. काही सुटलं का? आणि काका, माल आला की भुसावळला घेऊन येऊ का? ब्रेकचं काम मला स्वतः करायचं नाही.

शेडवाला_भुसावळ

केबलच्या भोकांची रबरी बुचं आणि चेनस्टेचं वायरचं रबर सुटलं, ते फ्रेमवाल्यांकडून मागवा. बाकी पूर्ण आहे.

या की. शनिवारी संध्याकाळी सायकल सोडा, रविवारी दुपारपर्यंत होईल. येताना फोनमध्ये ई-ट्यूब ॲप टाकून, खातं उघडून या. बसवल्यावर पहिलं काम फर्मवेअर अद्ययावत करण्याचं, आणि सिंक्रोची जागा तुमच्या पायाच्या हिशोबानं ठरवायची आहे. त्यासाठी हतनूरपर्यंत एक फेरी तुम्हाला मारावी लागेल, मी शेजारी चालवत येतो.